चार थेंब गळणारी गाडी आणि सोनाळ्याचा ओढा

आमच्या धामणगाव बढ्याहून सोनाळ्याला जायचं तर आधी मोताळा, मग नांदुरा, मग पूर्णा नदीचा पूल, पुढे जळगाव जामोद, आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं जावं लागतं. एसटीनं गेलं तर दोनदा-तीनदा बदलावी लागते. मी त्या रस्त्यानं आमची गाडी चालवत गेले. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांना तो कसा दिसतो ते सांगावं, म्हणून हे लिहिते. वही पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे.

धामणगाव बढे

गाडी म्हणजे पांढरी जुनी व्हॅन. आम्ही भाजीपाला लावतो. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल मोताळ्याच्या बाजारात न्यायला ह्यांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. पाच वर्षांपूर्वी ह्यांची नजर अधू झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊनही तो गेलाच, दुसऱ्यानं नुसता उजेड कळतो. तेव्हा वावराच्या पांदीत, तिथल्या कच्च्या वाटेवर, मी गाडी शिकले. लायसन काढलं. मला चार माणसांत बोलणं जमत नाही, दुकानात गेले तरी माझी पाळी येऊन निघून जाते. पण स्टेअरिंगवर बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. तिला समोर पाहायचं असतं, हे सगळ्यांना पटतं. मोताळ्याच्या बाजाराच्या गर्दीतून मी गाडी काढते तेव्हा सगळ्यांच्या मधून जाते आणि तरी एकटी असते. ते मला फार आवडतं.

पण इंजिनातून ऑईल गळायला लागलं. रात्री मी गाडीखाली जर्मनची जुनी परात सरकवून ठेवायची. सकाळी हे ओसरीवरून विचारायचे, "किती गळलं?"

"चार थेंब," मी सांगायची.

पहिल्या महिन्यात ते खरंच चार थेंब होते. नंतर परातीचा तळ झाकला जायला लागला. मी ह्यांच्या उठण्याआधी डब्यातून इंजिनात ऑईल भरायची, आणि परातीतलं काळं ऑईल कुंपणाच्या खांबांना फासून टाकायची. उधई लागत नाही त्यानं. आमच्या कुंपणाचे सगळे खांब काळे कुळकुळीत झाले होते. ह्यांना ते दिसत नव्हते.

माघात एक भंगारवाला दारावर आला. त्यानं बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "हिच्यात आता निसतं लोखंड रायलं."

हे मला म्हणाले, "सुमनच्या रोडग्यायले जाऊ, येऊ. वाटेत कुठी अडली नाई तर ठेवू. अडली तर येत्या बाजाराले याले देऊन टाकू."

सुमन माझी धाकटी बहीण, सोनाळ्याला दिलेली. तिची म्हैस सातपुड्याच्या जंगलात चुकली होती. अकरा दिवसांनी ती आपली आपण परत आली, सोबत रेडकू घेऊन. ती आली तर ओढ्यावरच्या देवाला एकावन्न रोडगे, निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे गोळे, करीन, असं सुमन बोलली होती. रोडग्यांसोबत वांग्याची भाजी लागते, म्हणून वांगी आमच्याकडून. आणि करडीचं घाणीवरचं तेल पण आमच्याच गावचं.

तेल पाच लिटरच्या डब्यात घेतलं. गाडीचं सुटं ऑईलही तसल्याच, खायच्या तेलाच्या जुन्या डब्यात होतं. दोन्ही डबे सारखे, आतला रंगही सारखाच, मधासारखा. घोळ नको म्हणून मी देवाच्या डब्याला नाडा बांधला.

नांदुऱ्याच्या पुढे

पहाटेच निघालो. मोताळ्यापर्यंत धुकं असं होतं की रस्ता आहे हे फक्त चाकांना कळत होतं. हरभऱ्याच्या वावरांवर ते झोपलेलं होतं. मधेच एखादं बाभळीचं झाड पुढे यायचं, आमच्याकडे पाहायचं आणि मागे सरायचं. कापसाची गाडी समोरून आली तर वाटलं, धुक्याचाच एक मोठा गठ्ठा सुटून चालला आहे. हे बाजूला डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. ते इंजिन ऐकतात. "गेर बदल," म्हणतात, तेव्हा खरंच बदलायची वेळ झालेली असते. त्यांचे कान आणि माझे हात, अशी आमची गाडी चालते.

नांदुरा मागे पडलं, ऊन आलं, आणि समोर ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. मी तशीच पुढे चालवत राहिले. थोड्या वेळानं इंजिनाच्या गरमीचा काटाही चढला. मग मात्र एका टपरीजवळ गाडी बाजूला घेतली.

"अडली?" ह्यांनी विचारलं.

"अडली नाई. पानी पाह्यतो," मी म्हटलं.

टपरीवर ट्रकवाले चहा पीत होते. बाई उतरली, बॉनेट उघडलं, हे पाहून सगळ्यांचे कप थांबले. मला तिथं उभं राहवेना. मी कॅन घेतली आणि पलीकडच्या घराकडे निघून गेले. घरापुढे एक बाई बोरच्या नळावर भांडी घासत होती.

"पानी पायजे होतं," मी म्हटलं.

"तुमाले का गाडीले?"

"गाडीले."

"मंग ह्या नळाचं नोका घेऊ, माय. आमच्याकडचं पानी खारं हाय. भांड्याले पांढरं पुट बसते, थे पाहा. गाडीचं तर आतडं बसून जाईन." ती हात पुसत आत गेली आणि पिण्याच्या माठातून गोडं पाणी भरून आणू लागली. आमच्याकडे विहिरीचं पाणी कोणालाही द्यायला काही वाटत नाही. पण पूर्णेच्या ह्या पट्ट्यात गोडं पाणी टँकरनं नाहीतर दुरून येतं. माझ्या कॅनसाठी तिनं अर्धा माठ रिकामा केला. मी नको नको म्हणत होते.

"कोन चालोते गाडी?" तिनं विचारलं.

"मी."

"तुमी? अन् बुवा काय करतात?"

"बाजूले बसतात."

"मंग लय बोलत असतीन," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. "माह्यावाल्याले सांगतो, बैलं तरी मले हाकू दे म्हनून. थो म्हनते, तू हाकली तर बैलं तुह्यं ऐकतीन, मंग माह्यं कोन ऐकीन?"

मी परत आले तोवर ट्रकवाले गेले होते. ह्यांनी चाचपडत इंजिनात ऑईल भरून ठेवलं होतं, झाकण लावलं होतं, हातही पुसले होते. मला बरं वाटलं. मी गोडं पाणी घातलं आणि आम्ही निघालो.

पूर्णेचा पूल आला. नदी खाली दूर, वाळूत अंग सैल टाकून पडलेली. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो, जणू आपण हवेतून चाललो आहोत. आणि तिथंच भज्यांचा वास आला.

"कोनाच्या तरी घरी भजे तळून राह्यले," हे म्हणाले.

पूल संपला, पुढचं गाव आलं, तिथंही भज्यांचा वास. त्याच्या पुढच्या गावातही. "आज काय सन हाय का, अवं? गावंच्या गावं तळून राह्यली," हे म्हणाले. मला भूक लागली, झोप आल्यासारखं झालं, लहानपणीच्या दिवाळीची सकाळ आठवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे लागले होते. हिरव्या पानांत पिवळे दिवे. आणि उत्तरेला सातपुडा, आधी धुरासारखा, मग निळ्या लुगड्याच्या घडीसारखा, मग एकदम खरा. वासामागून वास घेत आम्ही त्याच्याकडे चाललो होतो. जळगाव जामोदला थांबून आम्ही खरोखरची भजी खाल्ली. इतकी भूक त्या वासानं लावली होती.

सोनाळा

सुमननं वांगी उतरवली आणि नाड्याचा डबा उचलून पाहिला.

"ताई, तेल अर्धंच काऊन?"

मी दुसरा डबा पाहिला. तो गळ्यापर्यंत भरलेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"दोरा त्याच डब्याले होता ना," हे म्हणाले. "मले वाटलं, गाडीचा कळावा म्हनून तू माह्यासाठी बांधला."

सुमनच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, काठी टेकत आल्या. त्यांनी बॉनेटपाशी नाक नेलं.

"अवं माय! देवाच्या आधी गाडी जेवली!"

सगळं अंगण हसलं. पण पुढची गोष्ट हसण्यावारी नव्हती. देवाच्या नावानं आणलेल्या तेलातलं आधी दुसऱ्यानं खाल्लं की उरलेलं उष्टं होतं. आमच्या घरी असं घडतं तर आम्ही देवापुढे हात जोडून वापरलं असतं. इथं ते चालत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "नवस म्हशीचा व्हता, फेडला मोटारीचा." सुमनचा चेहरा उतरला. शेवटी शेजारच्या घरून न उघडलेला डबा आला, आणि आमचं उष्टं तेल घरातल्या दिव्यांना ठेवलं.

"पन अडली तर नाई ना गाडी?" हे मला हळूच म्हणाले. त्यांना वाटत होतं, मी जिंकत आले आहे.

ओढ्यावर

दुसऱ्या दिवशी सगळं सामान गाडीत भरून मी ओढ्यावर नेलं. डोंगराच्या पायाशी, सागाची पानं गळून खाली तपकिरी गालिचा झालेला. देव म्हणजे झाडाखालचा एक शेंदूर लावलेला दगड. ओढ्याला माघातही पाणी होतं, घोट्याएवढं, काळ्या खडकावरून सावकाश येणारं. मी काठावरच्या उतारावर सावली पाहून गाडी लावली.

रोडगे करताना पाहण्यासारखं असतं. गव्हाच्या जाड्या पिठात मोहन घालून मळायचं, लाटायचं, एकावर एक तेल लावून ठेवायचं, आणि सगळं मुठीत घेऊन गोळा वळायचा. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, त्याचा लाल निखारा झाला की त्यात हे गोळे पुरायचे. मग धूर झाडांत चढतो, आत रोडगे हळूहळू फुगतात, आणि माणसं नुसती वाट पाहतात. म्हैस पण आणली होती. ती कपाळावर कुंकू लावून उभी होती, आपल्यासाठी हे सगळं चाललं आहे हे तिला माहीत नव्हतं. रेडकू तिला ढुशा देत होतं.

मी ओढ्याच्या काठी बसून वांगी चिरत होते. पाण्याकडे माझी नजर गेली तर पाण्यावर मोर आला होता. निळा, हिरवा, जांभळा, मधेच सोनेरी. पातळ पदरासारखा तो रंग खडकावरून घसरत होता, लांबत होता, फाटत होता, परत जुळत होता. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. विळीवरचा हात थांबला. रंग कुठे जातो ते पाहत पाहत माझी नजर खाली गेली. तिथं बायांनी वाळूत झिरा खणला होता, पिण्याच्या पाण्याचा लहान खड्डा. रंग त्यात उतरत होता. वरणाचा हांडा त्याच झिऱ्यातून भरला होता.

मग मी उलट वर पाहिलं. रंग खडकावरून, खडकावर काठावरून, आणि काठावर आमच्या गाडीखालून येत होता.

मी उठणार तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पान्याले तेलाचा वास येऊन राह्यला!"

बाया झिऱ्याभोवती जमल्या. वरच्या अंगाला देवराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं, तिथं त्याचं डिझेलचं इंजिन होतं. सुमनचा नवरा त्याला हाका मारायला लागला. देवराव आला, हातात खुरपं तसंच.

"काऊन बे, ओढ्यात तेल सोडतं? देवाचं काम हाय आज!"

"माह्यं इंजिन आठ दिवसापासून बंद हाय! हात लावून पाय, थंडं हाय का नाई!"

"मंग हा रंग काय आभायातून पडला?"

"तुमची थे गाडी पाहा ना उभी!"

तेव्हा हे उठले. काठी न घेता दोन पावलं पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या गाडीचं नाई होऊ शकत, भाऊ. तिचं रोजचं मोजलेलं हाय. चार थेंब गळते. चार थेंबानं ओढा नाई भरत."

किती खात्रीनं म्हणाले! देवरावनं खुरपं खाली केलं. आंधळ्यासारख्या माणसाशी काय भांडावं, म्हणून असेल.

 पंचवीस-तीस माणसं होती. मी म्हटलं, "चार थेंब नाई." पण ते फक्त मलाच ऐकू आलं.

"काय म्हनते थे?" आत्याबाईंनी विचारलं. "मोठ्यानं बोल, माय."

मग मोठ्यानं बोलावं लागलं. "चार थेंब नाई. परातीचा तळ भरते रोज. देवरावभाऊचं तेल नाई ते. आमचंच हाय."

निखाऱ्यात एक रोडगा तडकला. ह्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, पण नेमकं माझ्याकडे नाही. थोडं बाजूला, जिथं मी असेन असं त्यांना वाटलं तिथं.

"उभे काऊन रायले?" आत्याबाई म्हणाल्या. "हांडा उपडा करा. वरच्या अंगानं पानी आना. अन् ह्या मोटारीले कोनी तरी खाली उतरवा देवापासून."

देवरावनंच आधी हात लावला. चार जणांनी ढकलून गाडी दूर सपाट जागेवर नेली. मी गोवऱ्यांची राख पाटीत भरभरून काठावर आणि खडकावर टाकली, झिऱ्याची वरची वाळू काढून लांब फेकली. पाणी पुन्हा नितळ व्हायला बराच वेळ लागला. रोडगे जेवायला उशीर झाला. राख झटकलेला रोडगा फोडून त्यात तूप ओतलं, वर वांग्याची भाजी. चव उत्तम होती. मला ती गिळताना कळली नाही, आता आठवताना कळते.

जेवणं झाल्यावर हे सागाच्या झाडाखाली बसले होते. मी पाणी घेऊन गेले. ते म्हणाले, "डोळे गेले म्हनून मले काहीबी सांगशीन का?"

एवढंच म्हणाले.  सागाचं एक पान हलत हलत आलं आणि त्यांच्या टोपीवर बसलं. ते काढायला माझा हात पुढे झाला नाही.

मिस्त्री

सकाळी देवराव स्वतः गावातल्या मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीनं खालचा बोल्ट ढिला केला, ऑईल बोटावर घेतलं, हुंगलं.

"अरे वा! भाभी, हिनं तर करडी पेली!"

मग तो गाडीखाली बराच वेळ निजून राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "इंजिन अजून दमदार हाय. पन सील गेले, पॅकिंग गेलं. इंजिन खाली उतरवा लागीन. आठ दिवस. नाई तर सरळ भंगारात द्या. अशी फिरवू नोका, एवढंच सांगतो. बोला, गाडी कोनाची?"

"चालोते थे ही," हे म्हणाले. "हिलेच विचारा."

मी विचारलं, "गळनं थांबीन?"

"थांबीन. पुन्हा कधीच गळनार नाई, असं मात्र लेहून नाई देत. जुनं इंजिन हाय."

सगळे माझ्याकडे पाहत होते. रात्रभर मी हाच विचार केला होता. गाडी गेली तर मी परत एसटीच्या दारात उभी राहीन, पाळी निघून जाईल, आणि गर्दीतून एकटं जाणं संपेल. आणि तो रंग. तो इतका सुंदर होता, आणि झिऱ्यात उतरत होता.

"करा," मी म्हटलं. "तोवर मी चालवत नाई. अन् घरी नेल्यावर परात मी पाहनार नाई. हे पाहतीन. एका हाताच्या बोटांवर थेंब मोजता आले नाई, त्या दिवशी चावी भंगारवाल्याले."

"मी पाहीन?" हे म्हणाले. "माह्ये डोळे?"

"बोटानं पाहा."

परतताना

आम्ही एसटीनं घरी आलो. खिडकीतून मी रस्ता पाहत होते. चालवताना मी कधी बाजूला पाहिलं नव्हतं. संत्र्यांच्या मागे एवढ्या विहिरी आहेत, हे मला तेव्हा कळलं. पूर्णेच्या पुलावर ह्यांनी नाकानं वास घेतला. "आज कोनी तळत नाई," म्हणाले. मिस्त्री गेल्यापासून त्यांचं ते पहिलं बोलणं.

आठ दिवसांनी मी एकटीच एसटीनं सोनाळ्याला गेले आणि गाडी आणली. नांदुऱ्याच्या अलीकडे त्या बाईच्या घरापाशी थांबले. आमच्या विहिरीचं गोडं पाणी मी दोन कॅन भरून बसमधून नेलं होतं. ते तिच्या माठात ओतलं. "बुवा कुठी हाय?" तिनं विचारलं. "घरी. परात घेऊन बसले," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही, तरी ती हसली.

संध्याकाळी गाडी अंगणात लावली, परात घासून सरकवली. सकाळी मी चुलीपाशीच बसून राहिले. हे कुंपण धरत धरत गाडीपाशी गेले. काळ्या खांबांना हात लागला तेव्हा क्षणभर थांबले, बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग गुडघ्यांवर बसून परात ओढली आणि तळावरून बोट फिरवलं. कडेपासून आत, सावकाश, सगळीकडून.

"किती?" ह्या वेळी मी विचारलं.

"एक."

"खरं?"

"मी काय तुह्यासारखं मोजतो काय?" हे म्हणाले, आणि बोट धोतराला पुसून मला म्हणाले, "चाल, वांगी भर. बाजाराले उशीर होऊन राह्यला."